खऱ्या मापाचा बुश

मामांच्या वेबसाइटवर मी बुश खऱ्या मापात दाखवला. बेचाळीस मिलिमीटरचा बुश, स्क्रीनवरही बेचाळीस मिलिमीटर. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: ‘मोजून पाहा.’

माझी चूक एवढीच. पुढचं सगळं त्या चुकीनं स्वतःच्या हिमतीवर केलं. मी फक्त तिला सोबत म्हणून चाकणपर्यंत गेलो.

बुश म्हणजे काय हे भोसरीत कुणाला सांगावं लागत नाही. पण भोसरीच्या बाहेरही माणसं राहतात असं ऐकून आहे, म्हणून सांगतो. लोखंडाची जाड, आखूड नळी. तिच्यात दांडा फिरतो. हातात घेतली तर पैलवानाच्या तान्ह्या लेकीची बांगडी वाटावी अशी. माझे मामा गेली कित्येक वर्षं हेच करतात. आजोळच्या शेतात आधी ज्वारी यायची, मग प्लॉट आले, आणि जो तुकडा उरला त्यावर मामांनी पत्र्याची शेड घातली. शेडमध्ये मशीन, मशीनवर मामा, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर मामी. बिलं, चलनं, फोन, आणि मामांना वेळेवर जेवायला बोलावणं, हे सगळं खातं मामीकडे.

मामांचं दुखणं एकच होतं. त्यांचे बुश जायचे शेजारच्या एका मोठ्या वर्कशॉपवाल्याकडे. तो ते आपल्या खोक्यात भरायचा, खोक्यावर आपलं नाव छापायचा आणि चाकणच्या कंपनीला पाठवायचा. मामा म्हणायचे, “आपलं पोरगं दुसऱ्याच्या आडनावानं शाळंत घातल्यागत हाय हे. पास झालं तरी पेढं तिकडंच.”

म्हणून या वर्षी मामांनी छातीवर दगड ठेवून थेट चाकणच्या कंपनीकडे अर्ज केला, आणि त्याच छातीवर आणखी एक दगड ठेवून नवं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणारं मशीन घेतलं. कंपनीनं सॅम्पल मागवली, ती गेली. मशीन शेडमध्ये येऊन उभं राहिलं, पण त्याला काम नव्हतं. मंजुरी आल्याशिवाय त्याचं प्लॅस्टिक काढायचं नाही, असं मामांनी ठरवलं होतं. मामीनं मशीनला आधी हळदीकुंकू वाहिलं. मग काही दिवसांनी त्यावर शेवग्याच्या शेंगा ठेवल्या. मग वाळवणाचं सूप. मी एकदा पाहिलं तर मामांचा स्वेटर वाळत होता.

मामा त्या मशीनकडे बघायचे नाहीत. बाजूनं जाताना मान वळवून जायचे, उधारी थकलेल्या किराणा दुकानासमोरून जावं तसे.

तर कंपनीच्या अर्जात एक रकाना होता: वेबसाइट. मामांनी मला फोन केला.

“भाच्या, तू ते वेबसाइटचं करतो ना?”

करतो म्हणजे काय, एकदा केलं होतं. माझी नोकरी ड्रॉइंग ऑफिसातली. दिवसभर कॉम्प्युटरवर यंत्रांच्या भागांची चित्रं काढायची. सांगवीत आमच्या सोसायटीचा गणपती असतो, त्याचं एक पेज मी हौसेनं बनवलं होतं. त्यात कमिटीचे फोटो ओळीनं लावताना मी सगळ्यांचे डोळे एका सरळ रेषेत आणले. डोळे आले, पण उंच खजिनदाराचं कपाळ कापलं गेलं आणि बुटक्या सेक्रेटरीच्या डोक्यावर वीतभर आकाश उरलं. खजिनदार अजून माझ्याशी बोलत नाहीत. सेक्रेटरी मात्र लिफ्टमध्ये भेटले की आवर्जून हसतात.

ही डोळ्यांची रेषा ज्या सोयीनं आणली, तिच्यात सगळं पाणी मुरतंय. वेबपेज बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पानाच्या वरच्या आणि डाव्या कडेला मोजपट्टी असते. पट्टीवर माउस दाबायचा आणि ओढायचा, की तिच्यातून एक हिरवी रेघ निघते. ती हवी तिथं आणून सोडायची. तिला गाइड म्हणतात. गवंडी भिंत बांधताना जी लाइनदोरी लावतो, तीच ही. शिवाय हिला चुंबक असतं. फोटो, अक्षरं, काहीही जवळ नेलं की टपकन रेघेला चिकटतं. आणि पान ब्राउझरमध्ये उघडलं की रेघा गायब. भिंत उरते, दोरी दिसत नाही.

ज्यानं बारा वर्षं ड्रॉइंगं काढली त्या माणसाला अशी दोरी मिळाली की काय होतं ते मी सांगतो. तो बिघडतो. मला सगळीकडे गाइड दिसायला लागले. सासरच्या भिंतीवरचे फोटो मी जेवता जेवता उठून सरळ केले. ताटातली कोशिंबीर आणि चटणी एका रेषेत घेतली. बायको म्हणाली, “जेवा. त्याला काही प्रिंट काढायची नाहीये.”

अशा अवस्थेत मी भोसरीला मामांच्या केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन गेलो. केबिनमध्ये खुर्ची एकच, ती मामीची. तिच्या कॉम्प्युटरच्या बाजूला दाराशी एक लाल रंगाची लोखंडी पेटी होती, वर फळी टाकलेली. मी त्या फळीवर बसायचो. ती पेटी नापास मालाची. वर्कशॉपमध्ये जो तुकडा मापात बसत नाही तो लाल पेटीत जातो, म्हणजे चुकून चांगल्या मालात मिसळू नये. हे मला माहीत होतं. पण बूड टेकायला जागा मिळाली की माणूस रंग बघत नाही.

कामाला सुरुवात झाली. मी मोजपट्टी लावली, गाइड ओढले, मामांना मागे उभं केलं. मामा थक्क.

“हे तर सेंटर लाइन काढल्यागत हाय की!”

“तेच आहे मामा.”

“आन् ही पट्टी? कशात मोजती?”

“पिक्सेलमध्ये. पण आपण बदलू शकतो. हे बघा, मिलिमीटर.”

हे वाक्य मी का बोललो? मला गप्प बसता आलं असतं. मामांचा चेहरा असा उजळला, की जणू परदेशात कुणी मराठी बोलणारा भेटला.

“मिलिमीटर? मग फोटो साइजमदी टाक ना! बेचाळीसचा बुश बेचाळीसचा दिसला पायजे. सायेब तिकडं बसून मोजू दे. आपलं झाकून काय न्हाई.”

आता इथं शहाण्या माणसानं सांगायला हवं होतं की मामा, सॉफ्टवेअरमधला मिलिमीटर हा फक्त नावाचा मिलिमीटर. स्क्रीन जेवढी, जशी, तसा तो लहानमोठा होतो. पण तिथं शहाणा माणूस नव्हता, मी होतो. मला ती कल्पना इतकी आवडली की मी मामांच्या हातावर टाळी दिली. राव, जगात कुणाच्या वेबसाइटवर माल खऱ्या मापात दिसत नसेल, आपल्या वेबसाइटवर दिसेल!

मी बुशाचा वरून काढलेला फोटो घेतला, दोन उभ्या गाइडमध्ये बेचाळीसचं अंतर ठेवलं, फोटो ओढला, तो दोन्हीकडे टपटप चिकटला. मग पान मामीच्या मोठ्या मॉनिटरवर उघडलं, कारण मामांना मोठ्या काचेवर बघायचं होतं. मामांनी खिशातून व्हर्निअर काढला. व्हर्निअर म्हणजे दोन जबड्यांचं माप, बुश मोजतात ते. त्याचे जबडे त्यांनी मॉनिटरच्या काचेला लावले. काचेत दाबल्या जागी इंद्रधनुष्य उठलं.

“रंग सोडतंय की हे,” मामा म्हणाले.

“हळू! माझी बिलं हायत त्याच्यात!” मामी ओरडली.

व्हर्निअरवर एकोणचाळीस आलं.

इथं देवानं मला दुसरी संधी दिली होती. सॉफ्टवेअर म्हणतंय बेचाळीस आणि काच म्हणतेय एकोणचाळीस, म्हणजे दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे एखाद्या कोकरालाही कळलं असतं. पण आम्ही दोघंही मशीनवाल्यांच्या जातीचे. मशीनवर तुकडा तीन मिलिमीटर कमी निघाला तर माणूस तत्त्वज्ञान करत बसत नाही. तो मशीनला सांगतो, तीन जास्त घे. त्याला ऑफसेट देणं म्हणतात.

मामा म्हणाले, “ऑफसेट दे.”

मी ऑफसेट दिला. वेबपेजला. सॉफ्टवेअरमध्ये पंचेचाळीस लिहिलं, पुन्हा काचेवर जबडे, पुन्हा इंद्रधनुष्य. थोडं कमी. आणखी जरासं वाढवलं. बेचाळीस! मामांनी तीनदा मोजलं, मी एकदा मोजलं, मामीनं मोजायला नकार दिला.

आमच्याकडे पद्धत अशी, की नवं काम लागलं की पहिला तुकडा मोजायचा, पास झाला की त्यावर हिरवं ‘ओके’ स्टिकर लावायचं, आणि मगच पुढचा माल चालू करायचा. मामांनी खणातून हिरवं स्टिकर काढलं, त्यावर सही केली आणि मामीच्या मॉनिटरच्या कपाळावर चिकटवलं.

“पैला पीस पास,” ते म्हणाले.

“काचेवर ओरखडा पडलाय तो कोण पास करणार?” मामी म्हणाली.

तिकडे आम्ही लक्ष दिलं नाही. कारण मामांना आता दुसरंच काही सुचलं होतं. ब्राउझरमध्ये हिरव्या रेघा गेल्या म्हणून ते हिरमुसले होते. “त्या रेघांनी कसं कंपनीचं ड्रॉइंग वाटत व्हतं. काढल्यास कशाला?”

मी समजावलं, की मामा, त्या फक्त आपल्यासाठी असतात. लग्नाच्या मांडवात बांबू दिसतो का?

“आमच्यात दिसतो,” मामा म्हणाले.

मग मी खऱ्याखुऱ्या हिरव्या रेघा काढून दिल्या. बुशाच्या मधून एक आडवी, एक उभी. वर बाण, बाणामध्ये बेचाळीस, पुढे अधिक-उणे शून्य दशांश शून्य दोन. म्हणजे टॉलरन्स, इतकाच फरक चालेल. खाली ‘मोजून पाहा’. पान असं देखणं झालं होतं की मी स्वतःच मागे सरून बघत होतो आणि लाल पेटीवरून पडता पडता वाचलो.

फक्त पत्ता बसेना. मामांच्या शेडचा पत्ता म्हणजे एक छोटी गोष्टच आहे. अमक्या गल्लीत, वजनकाट्यासमोरून आत, मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, निळा पत्रा. तो एका ओळीत टाकला तर उभ्या हिरव्या रेघेला आडवा जायचा. लहान केला तर मुंग्या लागल्यासारखा दिसायचा. चार ओळींत तोडला तर बुश खाली सरकायचा आणि सेंटर हलायचं. मी विचार केला, आत्ता पत्ता काढून बाजूला ठेवू, मागाहून नीट जागा करू.

मागाहून हा शब्द मी आयुष्यात जितक्यांदा वापरला, तितक्यांदा तो मागाहून आलाच नाही.

मामीनं मात्र आपल्या फोनवर पान उघडून पाहिलं. “अरं, माझ्यात तर बुश शर्टाच्या बटणाएवढा दिसतोय.”

“फोन लहान असतो ना मामी.”

“फोन लहान म्हणून माल लहान व्हतो व्हय?”

“साहेब लोक फोनवर बघत नाहीत,” मी म्हणालो. मामांनी मान डोलावली. मामीनं आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि बिल करायला घेतलं. ओरखडा नेमका रकमेवरून जात होता.

चाकणहून बोलावणं आलं. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशात एक बुश ठेवला, दुसऱ्या खिशात व्हर्निअर. मामांच्या टेम्पोतून निघालो. मोशीच्या पुढे ट्रक उभे. असे एकामागं एक, एका रेषेत, मध्ये बोट जाणार नाही असे चिकटलेले, की कुणीतरी वरून गाइड ओढून सोडले असावेत. मी मामांना हे सांगितलं. मामा हसले नाहीत. स्टिअरिंगवर त्यांचा अंगठा सारखा आपटत होता.

“झालं तर मशीनचं प्लॅस्टिक काढतो आजच,” ते म्हणाले. मग गिअर टाकत, “न्हाई झालं तर मामीला सांगू नगं. मी सांगंन.”

कंपनीत आम्हाला एका मोठ्या खोलीत नेलं. लांब टेबल, टेबलावर प्रोजेक्टर, समोर पांढरी भिंत. क्वालिटीच्या एक मॅडम होत्या. त्यांचं ‘हो’ म्हणजे हो. त्यांच्या बाजूला परचेसचे साहेब आणि दोनचार जण. चहा आला. मॅडम म्हणाल्या, “काका, तुमची वेबसाइट बघू या. लॅपटॉप जोडा.”

मी जोडला. भिंतीवर बुश आला.

तो ट्रकच्या चाकाच्या रिमएवढा होता.

हिरव्या रेघा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर बाणामध्ये, प्रत्येक आकडा चपलेएवढा: बेचाळीस, अधिक-उणे शून्य दशांश शून्य दोन. आणि खाली, लग्नाच्या बॅनरवर नवरानवरीचं नाव असतं तेवढ्या अक्षरांत: ‘मोजून पाहा.’

मॅडमनी कप खाली ठेवला, खिशातून मोजायचा टेप काढला, उठून भिंतीशी गेल्या आणि खरोखर मोजलं.

“पाचशे ऐंशी,” त्या म्हणाल्या. “टॉलरन्सच्या जरासं बाहेर आहे.”

परचेसचे साहेब म्हणाले, “काका, एवढ्या मोठ्या मालाला क्रेन आहे का तुमच्याकडे?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तिथं एक कारागीर होता, ज्याचा पहिला पीस पास होता आणि लॉट सगळा नापास निघाला होता. आणि त्यांच्या तोंडून तेच निघालं जे त्यांच्या तोंडून नेहमी निघतं.

“ऑफसेट दे.”

मी दिला. ब्राउझर लहान करत नेला, करत नेला, पार तळाला लागला. त्यापुढे तो जाईना. मामा व्हर्निअर घेऊन भिंतीशी पोचले होते.

“एकशे पंचेचाळीस!” मामा ओरडले. “अजून घे!”

“अजून होत नाही मामा!”

“मग मशीन म्होरं घे!”

मशीन म्हणजे प्रोजेक्टर. आता हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा मात्र ते इतकं शास्त्रशुद्ध वाटलं की मी क्षणभरही थांबलो नाही. प्रोजेक्टर भिंतीजवळ नेला की चित्र लहान होतं, हे त्रिवार सत्य आहे. मी तो टेबलावरून उचलला, लेकरासारखा पोटाशी धरला आणि भिंतीकडे निघालो.

वायर ताणली. लॅपटॉप टेबलावरून माझ्यामागं घसरत निघाला, जत्रेत आईमागं पोर निघावं तसा. तो परचेसच्या साहेबांच्या चहापाशी आला तेव्हा साहेबांनी एका हातानं चहा आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉप वाचवला, आणि आता तो हातात आलाच होता म्हणून ते माझ्यामागं चालायला लागले. त्यांच्यामागं एकानं विजेची जोडवायर उचलली, नाहीतर सगळंच बंद पडलं असतं. अशी आमची वरात भिंतीकडे निघाली. पुढे मी, पोटावर प्रोजेक्टर. तो इतका तापला होता की बेंबी भाजत होती.

“नव्वद!” मामा. “ये, ये, ये... सत्तर!”

“मामा, तुमची सावली पडतेय!”

“मी बाजूला व्हतो, तू हलू नगं... साठ... पन्नास... हळू! चाळीस झालं! म्हागं जा म्हागं!”

मी मागे गेलो आणि परचेसच्या साहेबांच्या पायावर पाय दिला. त्यांनी बिचाऱ्यांनी सॉरी म्हटलं.

“बेचाळीस!” मामांचा आवाज फाटला. “बेचाळीस आलं! श्वास घेऊ नगं!”

मी श्वास घेतला नाही. भिंतीवर आमचं सगळं पान आता पोस्टकार्डाएवढं झालं होतं, त्यात मधोमध बुश, आणि बुशाला मामांचा व्हर्निअर लागलेला, अगदी नेमका. मामा मागे वळले आणि मॅडमना म्हणाले, “बगा मॅडम. मोजून घ्या.”

मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला होता आणि खांदे हलत होते. बराच वेळ हलत होते. मग त्यांनी डोळे पुसले, उठून आल्या, भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या आणि पान वाचू लागल्या. वरून खाली. मग खालून वर.

“पत्ता कुठाय?”

“काय?” मी म्हणालो. श्वास न घेता एवढंच म्हणता येतं.

“काका, तुमची सॅम्पल आमच्या मापखोलीत केव्हाच मोजून झाली. सगळी पास आहेत. अर्जातल्या रकान्यात तुमचा पत्ता अर्धाच मावलाय, मी वेबसाइट उघडायला सांगितली ती पत्त्यासाठी. शेड आणि नवं मशीन बघायला यायचंय ना आम्हाला. पानावर बुश आहे, रेघ आहे, बाण आहे. पत्ता कुठाय?”

मला त्या क्षणी माझा पत्ताही सांगता आला नसता. मी म्हणालो, “तो रेघेला आडवा जात होता.”

मग परचेसचे साहेब लॅपटॉपसकट खाली बसले आणि मोठ्यानं हसू लागले.

पत्ता मामांनी तोंडी सांगितला. वजनकाटा, मारुती, टाकी, निळा पत्रा. मॅडमनी लिहून घेतला आणि म्हणाल्या, “येऊ. शेड बघू, मग बोलू.” होही नाही, नाहीही नाही.

परतीच्या वाटेवर मोशीला ट्रक तिथंच होते, मला वाटतं तेच असावेत. मी म्हणालो, “मामा, सॅम्पल तर पास आहेत.”

“सॅम्पल पास हाय. पण येतील का? येड्यांच्या शेडवर कोण येतं?”

मी खिडकीतून बाहेर बघितलं. त्यांचं म्हणणं मापात होतं.

शेडमध्ये पोचलो तेव्हा नव्या मशीनवर त्या दिवशी कोथिंबिरीची जुडी होती. मामांनी ती उचलून मामीच्या टेबलावर ठेवली आणि प्लॅस्टिकवरची धूळ हातानं पुसली. प्लॅस्टिक काढलं नाही.

मी पत्ता त्याच संध्याकाळी टाकला. रेघा काढल्या, बाण काढले, ‘मोजून पाहा’ काढलं. पत्ता मोठ्या अक्षरांत, वर, मधोमध. वाकडा आला की सरळ ते मी बघितलंसुद्धा नाही.

आणि त्या आल्या. पुढच्या आठवड्यात एका सकाळी मॅडमची गाडी वजनकाट्यासमोरून आत वळली. मामांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. म्हणजे बोलावलं होतं ते कशाला हात लावू नको हे सांगायला. मी केबिनमध्ये फळीवर जाऊन बसलो, मांडीवर लॅपटॉप, तोही बंद.

मॅडमनी शेड बघितली. जुनं मशीन बघितलं, मापाची अवजारं बघितली, मालाचे कप्पे बघितले. मामांना प्रश्न विचारले, मामांनी उत्तरं दिली. मामा तिथं वेगळेच माणूस होते. चाकणला भिंतीवर व्हर्निअर लावणारे ते हेच, यावर माझा विश्वास बसेना. मॅडम केबिनमध्ये आल्या, मामीच्या मॉनिटरवरचं हिरवं ‘ओके’ स्टिकर त्यांना दिसलं. त्या वाकून सही वाचायला लागल्या.

“हे काय पास केलंय?”

“येडेपणा,” मामी म्हणाली.

मॅडम हसल्या. मग नव्या मशीनपाशी गेल्या. प्लॅस्टिककडे बघितलं, मामांकडे बघितलं.

“हे झाकून का ठेवलंय काका?”

मामा म्हणाले, “तुमच्यासाठी.”

“मग काढा. ट्रायल लॉट टाकते तुमच्या नावावर. खोक्यावर नाव नीट छापा, आणि पत्तासुद्धा.”

मामांनी प्लॅस्टिक धरलं आणि एका झटक्यात ओढलं. शेवग्याची एक वाळकी शेंग त्यातून निसटून मॅडमच्या पायाशी पडली. मामी पदरात तोंड लपवून हसत होती, की रडत होती, ते मला केबिनमधून कळलं नाही. मामा मशीनवर तळहात ठेवून नुसते उभे होते.

जाता जाता मॅडम केबिनच्या दाराशी थांबल्या. त्यांची नजर माझ्यावर आली, मग माझ्या खाली गेली, आणि कपाळाला आठी पडली. नापास मालाच्या पेटीवर कुणी बसू नये, हा तर मोठा नियम. त्या पेटीत काय आहे ते कायम दिसलं पाहिजे, नाहीतर ऑडिटमध्ये चूक लागते.

“काका, रिजेक्शनच्या पेटीवर हे कोण बसलंय?”

मामांचा चेहरा उतरला. झाली मंजुरी, आता माझ्या बुडापायी जाते की काय! मी लॅपटॉप धरून धडपडत उठायला लागलो, फळी कलंडली, आतले चारदोन बुश खणखणले.

मामीनं खांद्यावर हात ठेवून मला परत खाली दाबलं.

“उठतोस कशाला? बरोबर जागी बसलायस.”